संभाजी नावाचे तीन राजपुत्र

‘संभाजी महाराज निजामाला जाऊन मिळाले होते’ असं वाक्य अधूनमधून कुठेतरी वाचायला मिळतं आणि लगेच वादाचा भडका उडतो. वाक्य खोटं नाही. पण ते संभाजीराजे कोल्हापूरचे, आणि गोष्ट १७२७ सालची. शिवछत्रपतींचे पुत्र संभाजी महाराज यांना जाऊन तोवर ३८ वर्षं झाली होती. शहाजीराजांच्या वंशात हे नाव लागोपाठ तीन पिढ्यांत येतं, आणि का येतं ते समजून घेतलं की हा घोळ आपोआप सुटतो.

पहिले संभाजी म्हणजे शहाजीराजे आणि जिजाऊंचे थोरले चिरंजीव, शिवाजी महाराजांचे सख्खे भाऊ. शहाजीराजे विजापूरकरांकडून कर्नाटकात गेले तेव्हा थोरला मुलगा वडिलांजवळ राहिला आणि धाकटा आईबरोबर पुण्यात. त्यामुळे आपल्या शालेय पुस्तकांत हे संभाजीराजे एखाद्या ओळीपुरतेच येतात. १६५४-५५च्या सुमारास कनकगिरीच्या लढाईत ते पडले. हे ठिकाण आजच्या कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात आहे. त्यांना मदत वेळेवर पोचू दिली नाही, असा ठपका मराठी परंपरेनं अफजलखानावर ठेवला आहे. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली खान आला तेव्हा जिजाऊंच्या मनात हा मुलगा असणारच.

आणि योगायोग असा की त्या दिवशी महाराजांच्या बाजूला आणखी एक संभाजी होता. संभाजी कावजी. भोसले नव्हे, मावळातला गडी. जखमी खानाला पालखीत घालून भोई पळू लागले, तेव्हा यानं भोयांचे पाय छाटून पालखी खाली पाडली आणि खानाचं शिर कापून आणलं, असं बखरकार सभासद सांगतो.

कनकगिरीनंतर दोन-तीन वर्षांतच, १४ मे १६५७ रोजी, पुरंदरावर सईबाईंच्या पोटी मुलगा झाला. त्याला गेलेल्या काकाचं नाव मिळालं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, तसंच अकाली गेलेल्या माणसाचंही नाव घरात पुन्हा उठवतात. हाक मारायला ते नाव परत मिळतं. जिजाऊंनी नातवाला ‘संभाजी’ म्हणून पहिल्यांदा हाक मारली असेल, तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दोन वर्षांत सईबाई गेल्या आणि हा नातू आजीच्याच पदराखाली वाढला.

याच छत्रपती संभाजी महाराजांची मुद्रा ‘श्रीशंभोः शिवजातस्य’ अशी सुरू होते. शिवाचा पुत्र शंभू. नावाला लगेच बापाचं नाव जोडलेलं. जुना कागद वाचणाऱ्यानं हीच सवय लावून घ्यावी: नुसत्या नावावर थांबू नये, कोणाचा पुत्र, कुठला आणि साल कुठलं ते बघावं. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबानं त्यांना हाल हाल करून मारलं.

राज्य धाकटे भाऊ राजाराम महाराज यांच्याकडे आलं. त्यांना १६९८ मध्ये राजसबाईंपासून मुलगा झाला, त्याचं नाव संभाजी. म्हणजे जे १६५७ मध्ये झालं तेच पुन्हा: शत्रूच्या हातून गेलेल्या थोरल्या भावाचं नाव धाकट्यानं आपल्या मुलाला दिलं. दोन पिढ्या, एकच दुःख आणि ते बोलून दाखवायची एकच रीत.

शिवाजी हे नावही असंच फिरलं. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू यांचं जन्मनाव शिवाजी होतं, आणि राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी ताराबाई यांच्या मुलाचं नावही शिवाजीच. पुढे गादीवरून वाद पेटला तो याच नातवंडांत. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर राजसबाईंच्या बाजूनं उठाव होऊन ताराबाई आणि त्यांचा शिवाजी कैदेत पडले, आणि संभाजी गादीवर आले. हे वाचताना नावांमुळेच जास्त वाईट वाटतं. ज्यांच्या आठवणीसाठी ही नावं ठेवली त्यांच्यात बापलेकाचं नातं होतं; इथे एक संभाजी आला आणि एका शिवाजीला तुरुंग मिळाला.

हेच ते करवीरचे, म्हणजे कोल्हापूरचे संभाजी. त्यांनी साताऱ्याच्या शाहूंविरुद्ध निजामाचा आसरा घेतला, पण १७२८ मध्ये बाजीरावानं पालखेडला निजामाला कोंडलं. १७३१च्या वारणेच्या तहानं वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे राहिला. या चुलतभावांचं भांडण मिटलं आणि दोन गाद्या कायमच्या झाल्या. त्याच काळात विजयदुर्गावर कान्होजी आंग्र्यांचे पुत्र संभाजी आंग्रे होते. १७३५ मध्ये इंग्रजांचं ‘डर्बी’ जहाज पकडणारे हे संभाजी. सिद्दीच्या जंजिऱ्यावर १६८२ मध्ये चाल करणारे ते छत्रपती संभाजी महाराज. आरमाराच्या गोष्टींत या दोघांची अजूनही गल्लत होते.

करवीरचे संभाजीराजे १७६० मध्ये निपुत्रिक वारले. त्यांच्या मागे राज्य सांभाळलं त्यांच्या राणीनं. तिचं नाव जिजाबाई. १७६२ मध्ये तिनं मुलगा दत्तक घेतला आणि त्याचं नाव ठेवलं शिवाजी.