मुंबई–लंडन हवाई मार्ग

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांना जोडणारा मार्ग. दोहोंमधले हवाई अंतर सुमारे ७,२०० किमी (अंदाजे ३,८९० सागरी मैल) आहे. कुठेही न थांबणाऱ्या विमानाला लंडनला पोहोचायला साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात; परतीचा प्रवास नऊ तासांच्या आसपास आटोपतो.

हे अंतर बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीगोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेने मोजलेले आहे. सपाट नकाशावर ही वाट उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखी दिसते. मुंबईहून वायव्येला निघालेली ही रेषा जवळजवळ कराचीवरूनच जाते. पुढे बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेनमधल्या ओडेसाचा परिसर, टाट्रा पर्वत आणि जर्मनी ओलांडून ती लंडनला पोहोचते. ही यादी वाचली तरी अडचण कळते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हद्द बंद केली. ब्रिटिश कंपन्यांना ती बंदी नव्हती. त्यामुळे एकाच धावपट्टीवरून एकाच शहराकडे निघालेली दोन विमाने नोंदणी कुठल्या देशातली यावरून वेगळी वाट धरू लागली. भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून आखाताच्या दिशेने वळसा घ्यावा लागला. अंतराचा आकडा तोच राहतो, उडालेले किलोमीटर मात्र राजकारण ठरवते.

जाण्या-येण्याच्या वेळेतल्या फरकाचे कारण वारा. मध्य अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात तो अधिक बळावतो. लंडनहून येताना तो पाठीशी असतो, जाताना तोंडावर. शिवाय तिकिटावरची वेळ एका विमानतळावरच्या गेटपासून दुसऱ्यावरच्या गेटपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग तिच्यात येते, आणि गर्दीच्या वेळी हीथ्रोभोवती बॉव्हिंगडन, लॅम्बोर्न, ऑकम व बिगिन या चार ठिकाणी घिरट्या घालण्यात जाणारी मिनिटेही. ताशी ९०० किमीने भागून आठ तास काढणाऱ्याचा हिशेब म्हणूनच चुकतो.

इम्पिरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची सेवा सुरू केली. तिला सुमारे सात दिवस लागत आणि युरोपातला एक टप्पा आगगाडीने करावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले आणि मुंबई त्या साखळीला जोडली गेली. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ८ जून १९४८ रोजी कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले; भारतीय कंपनीची ही युरोपला जाणारी पहिली नियमित सेवा.

प्रवाशाचे घड्याळ मात्र निराळेच बोलते. लंडनची वेळ मुंबईच्या साडेपाच तास मागे असते. मार्चअखेरच्या रविवारपासून ऑक्टोबरअखेरच्या रविवारपर्यंत साडेचार तास. मध्यरात्रीनंतर मुंबई सोडणारा प्रवासी त्याच सकाळी लंडनमध्ये उतरतो, आणि लंडनहून रात्री निघालेला मुंबईत पोहोचेपर्यंत दुपार व्हायला आलेली असते.