पट निम्मा-निम्मा, वर्ग मात्र एकतर्फी

सरकारी व्यावसायिक शाळेचा पट सांगताना बहुतेक वेळा दोनच आकडे पुढे येतात: एकूण विद्यार्थी किती आणि त्यात मुली किती. पहिला आकडा पुष्कळदा यंत्रांनीच ठरवलेला असतो. वेल्डिंगच्या एका बूथमध्ये एका वेळी एकच जण उभा राहू शकतो; बूथ जितके, तितकी तुकडी. त्यामुळे पट वाढला नाही म्हणजे मुलांना शिकायचं नाही, असा अर्थ काढणं घाईचं.

दुसरा आकडा जास्त फसवा. समजा, शाळेत २०० विद्यार्थी आहेत, त्यात १०० मुली. अहवालात छान दिसतं. आता वर्गांची दारं उघडू. प्रत्येक वर्ग ५० जणांचा. वेल्डिंगमध्ये २ मुली, मोटार दुरुस्तीत ३, शुश्रूषेत ४७, सौंदर्योपचारात ४८. बेरीज बरोबर १००!

ही फट मोजायला एक सोपं माप आहे. एडवर्ड सिम्पसन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये ते मांडलं. गटातून डोळे मिटून दोघांना निवडलं, तर दोघं एकाच प्रकारचे निघण्याची शक्यता किती? जीवशास्त्रज्ञ आजही या मापाने जंगलातली विविधता मोजतात. आपण ते उलटं वापरू: दोघांत एक मुलगा, एक मुलगी निघण्याची शक्यता किती? अख्ख्या शाळेतून निवडलं तर साधारण ५० टक्के. वेल्डिंगच्या वर्गातून निवडलं तर जेमतेम ८ टक्के. आणि विद्यार्थ्याचा दिवस जातो तो वर्कशॉपमध्ये, सरासरीत नाही.

(हे सिम्पसन दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडत होते आणि पुढे ब्रिटनच्या शिक्षण खात्यात वरिष्ठ अधिकारी झाले. म्हणजे माप तसं घरीच परतलं म्हणायचं.)

छोट्या वर्गात टक्केवारीही जपूनच वाचावी. वेल्डिंगमध्ये पुढच्या वर्षी २ च्या ४ मुली झाल्या, तर ‘मुलींचं प्रमाण दुप्पट’ अशी बातमी होईल. खोटी नाही, पण वाढल्या दोघीच.

उलटही होतं. वेल्डिंगमध्ये आत्ता असलेल्या दोघींपैकी एकीने शाळा सोडली, तर शाळेतलं मुलींचं प्रमाण ५० वरून ४९.७ टक्क्यांवर येईल. अहवालात ते पुन्हा ५० असंच लिहिलं जाईल. वेल्डिंगच्या वर्गात मात्र ४८ मुलगे आणि एकटी ती.