मुंबईच्या कलादालनांत सिनेमा कुठून आला

काळाघोड्याला एखाद्या संग्रहालयात इराणी किंवा पोलिश सिनेमा पाहायला जाणार असाल, तर आत शिरण्याआधी जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरच्या फुटपाथकडे एकदा बघा. लोखंडी सांगाड्याची, आता पार खंगलेली एस्प्लनेड मॅन्शन तिथे उभी आहे. एकेकाळचं वॉटसन्स हॉटेल. ७ जुलै १८९६ ला सिनेमाचे फ्रेंच जनक ल्युमिएर बंधू यांच्या माणसाने इथे एक रुपया तिकीट लावून सहा छोट्या चित्रफिती दाखवल्या. आठवड्याभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तिकीट चार आण्यांपर्यंत उतरलं आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळ्या बॉक्स राखल्या गेल्या. हे खेळ पाहिलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली.

सिनेमाला पुढे स्वतःची थिएटरं मिळाली. धंदेवाईक चौकटीत न बसणाऱ्या सिनेमाला मात्र मुंबईत कायम जागा शोधत फिरावं लागलं. संग्रहालयांतल्या आजच्या खेळांची पार्श्वभूमी मला म्हणूनच मुख्यतः जागेची गोष्ट वाटते.

भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईतच झाला. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने तो भरवला आणि २४ जानेवारी १९५२ ला न्यू एम्पायरमध्ये त्याचं उद्घाटन झालं. इटलीचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ इथल्या लोकांनी तेव्हा पाहिला. बिमल रॉय यांच्यावर त्याचा इतका परिणाम झाला की पुढच्याच वर्षी त्यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. पण महोत्सव उठला की हे सिनेमे पुन्हा बघायचे कुठे? १९५२ च्याच सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक खेळासाठी सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवंच. यातून वाट काढली ती फिल्म सोसायट्यांनी. खेळ फक्त सभासदांपुरता ठेवायचा आणि त्याला सेन्सॉरमधून सूट मिळवायची. १९५९ मध्ये सोसायट्यांचा महासंघ झाला, अध्यक्ष सत्यजित राय. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. मराठी माणसाला जगाचा सिनेमा दाखवण्याचं आणि ‘वास्तव रूपवाणी’ या नियतकालिकातून त्याबद्दल मराठीत लिहिण्याचं जे काम सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं, त्याचं मोल करावं तेवढं थोडं आहे.

मात्र स्वतःचा पडदा कुणाकडेच नव्हता. आज मरीन लाइन्सचा ताराबाई हॉल, उद्या एखाद्या परदेशी वकिलातीचं सभागृह. मी पाहिलेला पहिला पोलिश सिनेमा असाच एका भाड्याच्या सभागृहात पाहिला. लोखंडी खुर्च्या, मागे सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि संवादांइतकीच ऐकू येणारी त्याची घरघर. रीळ संपलं की दिवे लागायचे. दुसरं रीळ चढेपर्यंत आम्ही सायक्लोस्टाइल केलेला मराठी कथासार पुन्हा वाचायचो. शाई बोटांना लागायची. शेजारचे काका, मी न विचारताच, दिग्दर्शकाचं नाव कसं उच्चारायचं ते सांगायचे.

सेन्सॉरचा प्रश्न पुढेही सुटला नाही. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय माहितीपटांना प्रमाणपत्राची अट घातली गेली. विरोधानंतर ती मागे घेतली, पण बरेच सिनेमे निवडीतच गळाले. तेव्हा माहितीपटकारांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा आपला वेगळा महोत्सव भरवला. पुन्हा जागा शोधण्यापासूनच सुरुवात!

मग कलासंग्रहालयच का? न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९३५ मध्येच फिल्म लायब्ररी काढली. आयरिस बॅरी तिच्या पहिल्या क्युरेटर. चित्राइतकाच सिनेमाही जपून ठेवायचा ऐवज आहे, हा विचार तिथे रुजला. मुंबईत मात्र सिनेमा आणि चित्रकला यांचं नातं चित्रकारांनीच जोडलं. १९६७ मध्ये एम. एफ. हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी राजस्थानात ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ केला. कंदील, छत्री, जोडा अशा साध्या वस्तूंचा हा सिनेमा, संवाद एकही नाही. बर्लिनला त्याला लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं. १९७० मध्ये तय्यब मेहतांनी ‘कूडल’ केला, त्यात वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्यं आहेत. अकबर पदमसींनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून नेपियन सी रोडला व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप ही कलावंतांची प्रयोगशाळा उभारली. चित्रकार नलिनी मलानी तेव्हा जेमतेम विशीतल्या, त्यांनीही तिथेच आपले पहिले प्रयोग केले. हे सिनेमे कुठल्या थिएटरात लागणार होते? त्यांचं घर कलादालनच. आज नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टसारख्या ठिकाणी सिनेमा दाखवणं ही परदेशी नक्कल आहे, असं कुणी म्हणालं की मला ही तीन-चार वर्षं आठवतात.

जपणारं कुणी नसलं की काय होतं, तेही याच वर्कशॉपने दाखवलं. पदमसींनी तिथे केलेल्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची एकच प्रिंट होती. ती प्रदर्शनासाठी दिल्लीला गेली आणि गहाळ झाली. २०१६ मध्ये आशिम अहलुवालियांनी त्याच नावाचा लघुपट केला. वृद्ध पदमसी त्यात हरवलेल्या सिनेमाची एकेक आकृती आठवायचा प्रयत्न करताना दिसतात.