सातारची गादी १८१८ ते १८४९ : एक तह आणि त्याचे दोन अर्थ

सातारचे राज्य खालसा झाले की 'दत्तक नामंजूर' एवढे दोन शब्द लिहून बहुतेक पुस्तके पुढच्या प्रकरणाकडे वळतात. ते दत्तक नामंजूर करण्याचा अधिकार आला कुठून, हा प्रश्न मात्र १८४८ सालचा नाही. त्यासाठी तीस वर्षे मागे जावे लागते, आणि वाटेत १८३९ साली बराच वेळ थांबावे लागते.

शाहू छत्रपतींच्या मृत्यूनंतर गादी साताऱ्यात आणि कारभार पुण्यात ही व्यवस्था कशी रुळली, हे इथे पुन्हा सांगत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळेपर्यंत छत्रपती म्हणजे पेशव्याच्या पहाऱ्यात राहणारे धनी, इतकेच उरले होते. प्रतापसिंह १८०८ साली गादीवर आले, तेव्हा पंधरा वर्षांचे होते. १८१७ मध्ये इंग्रजांशी बिनसल्यावर बाजीरावाने छत्रपतींच्या कुटुंबाला वासोटा किल्ल्यावर ठेवले. पुढे पळापळ सुरू झाली तेव्हा त्यांना आपल्या फौजेबरोबरच फिरवले. इंग्रजांच्या हाती छत्रपती लागू नयेत, हा त्यामागचा हिशोब.

सातारचा किल्ला १० फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रजांनी घेतला. दुसऱ्याच दिवशी इंग्रजांचा दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याचा प्रसिद्ध जाहीरनामा निघाला. बाजीरावाचे राज्य संपले, वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने चालू राहतील, आणि मुलखाचा काही भाग सातारच्या महाराजांना त्यांचे राज्य म्हणून मिळेल, असा त्याचा आशय. हे जाहीर झाले त्या दिवशी महाराज स्वतः बाजीरावाच्या छावणीत होते. २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत पेशव्याचे सेनापती बापू गोखले पडले, पेशवा निसटला आणि छत्रपती इंग्रजांच्या स्वाधीन झाले. म्हणजे राज्य द्यायचे आधी ठरले आणि ज्याला द्यायचे तो नंतर सापडला.

हा निर्णय दयेपोटी झालेला नव्हता. गव्हर्नर जनरलने एल्फिन्स्टनला मोकळीक दिली होती : छत्रपतींना नुसती जहागीर द्यावी किंवा छोटेसे राज्य. एल्फिन्स्टनने राज्य निवडले. बाजीराव अजून मोकळा होता, आणि तो छत्रपतींच्या नावाने सरदार गोळा करू शकत होता. दुसरे असे की पेशवाई बुडाल्यावर हजारो शिलेदार, कारकून आणि आश्रित उघड्यावर आले असते. त्यांची सोय लावायला एखादे देशी दरबार असलेले बरे, हा धूर्त विचार होता. एप्रिलमध्ये प्रतापसिंहांना साताऱ्यात गादीवर बसवले. कारभार मात्र इंग्रज अधिकारी आणि मराठ्यांचा इतिहासकार ग्रँट डफ याच्या हाती. आपल्या इतिहासाचे बाड त्याने तिथेच गोळा केले, आणि त्या कामात महाराजांच्या दप्तराचा त्याला मोठा उपयोग झाला.

२५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. पुढची तीस वर्षे ज्यावरून वाद चालला तो कागद हाच, म्हणून त्यातली तीन कलमे नीट पाहू. पहिले कलम : नीरा आणि भीमेपासून वारणेपर्यंत, सह्याद्रीपासून पूर्वेला पंढरपूर-विजापूरच्या बाजूपर्यंतचा मुलूख महाराजांना, त्यांच्या वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना कायमच्या राज्याधिकाराने दिला. दुसरे : हे राज्य महाराजांनी इंग्रज सरकारच्या मातहत, त्यांच्या सल्ल्याने चालवावे. पाचवे : आपल्या राज्याबाहेरच्या कोणत्याही सत्ताधीशाशी, सरदाराशी किंवा माणसाशी महाराजांनी कसलाही पत्रव्यवहार ठेवू नये. ठेवला तर राज्य गमवावे लागेल. पहिले कलम सरकारला बांधणारे, पाचवे राजाला. हा फरक लक्षात ठेवायचा.

१८२२ साली प्रत्यक्ष अधिकार महाराजांकडे आले आणि पुढची दहा-बारा वर्षे बरी गेली. शाळा निघाली, छापखाना आला, रस्ते झाले. रोज कचेरीत बसून कागद स्वतः पाहणारा राजा इंग्रज अधिकाऱ्यांना नवा होता, आणि त्यांनी त्याचे कौतुकही केले. महाबळेश्वरचे पठार १८२९ मध्ये महाराजांनी सरकारला दिले आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा घेतले. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालक मंडळाने तर १८३५ च्या अखेरीस स्तुतिपत्र आणि एक रत्नजडित तलवार पाठवायचे ठरवले. ती तलवार महाराजांच्या हाती कधीच पडली नाही. ती येईपर्यंत मुंबई सरकारचा सूर बदलला होता.

सूर बदलायचे मूळ जहागीरदारांत आहे. भोरचे सचिव, औंधचे प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले ही मंडळी महाराजांची मानकरी, पण त्यांच्या जहागिरींची हमी कंपनीने घेतलेली. मग त्यांच्यावर हुकमत कोणाची? जहागीर बेवारस झाली तर ती कोणाकडे जावी? महाराजांचे म्हणणे होते, आमच्याकडे. लंडनचा कल बऱ्याच अंशी महाराजांकडे होता, पण तिथून आलेले निर्णय मुंबईत अडकून पडत. महाराज पत्रामागून पत्रे लिहू लागले. मग आपली बाजू थेट विलायतेत मांडावी म्हणून वकील पाठवायची तयारी झाली. मुंबईच्या कौन्सिलला, म्हणजे गव्हर्नरच्या सल्लागार मंडळाला, हे झोंबले असणार. त्यापुढे जे झाले ते निव्वळ योगायोगाने झाले, असे मला वाटत नाही.

१८३६ मध्ये साताऱ्यातल्या एका देशी पलटणीच्या दोन सुभेदारांनी सांगितले की महाराजांच्या वतीने आम्हाला फितवण्याचा प्रयत्न झाला. तीन जणांची गुप्त चौकशी बसली. पुढे आणखी दोन आरोप जोडले गेले : गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी संधान, आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार. यातला गोव्याचा आरोप सर्वांत वजनदार भासवला गेला आणि तोच सर्वांत पोकळ. समुद्रापलीकडून फौज आणून इंग्रजांना हाकलण्याचा बेत, तोही त्या काळच्या पोर्तुगालच्या जिवावर! पोर्तुगाल तेव्हा घरच्याच यादवीतून नुकता उठत होता. महाराजांचे दिवाण कैदेत पडले. या दिवाणांच्या आईच्या नावाने एक कबुलीवजा अर्ज सरकारात पोचला. तो भलत्याच माणसाने लिहिला होता, आणि ठरलेले पैसे मिळाले नाहीत म्हणून त्याच माणसाने ते पुढे उघड केले. पुराव्याच्या नकला महाराजांनी वारंवार मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत.

ही चौकशी सुरू झाली तेव्हाचा रेसिडेंट, म्हणजे सातारच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, होता जनरल लॉडविक. महाबळेश्वरला त्याच्या नावाचा पॉइंट आहे, तिथे जाऊन फोटो काढणाऱ्यांना हा दुवा सहसा ठाऊक नसतो. पुढे विलायतेत हाच गृहस्थ महाराजांच्या बाजूने बोलला. त्याचा तोवर काही उपयोग उरला नव्हता.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे नवे गव्हर्नर स्वतः साताऱ्याला आले. आरोपांवर पांघरूण घालू, पण एका याददाश्तीवर सही करा, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. आपल्याकडून तहाचा भंग झाला हे कबूल करायचे, पुढे तह अक्षरशः पाळायचा आणि एका विश्वासू कारभाऱ्याला दूर करायचे. पुढचे पाळायला महाराजांची ना नव्हती. अडले ते पहिल्या वाक्यावर. जे केले नाही ते केले म्हणून लिहून देणार नाही, या एका मुद्द्यावर त्यांनी राज्य सोडले. भेटी झाल्या, निरोप गेले, पण सही झाली नाही. ५ सप्टेंबरच्या पहाटे अंधारातच वाड्याला पलटणीने वेढा घातला, महाराजांना पालखीतून साताऱ्याजवळच्या लिंब गावी नेले, आणि काही महिन्यांनी काशीला रवाना केले. वाटेत त्यांचे चुलतभाऊ सेनापती वारले.

आता त्या दिवशी निघालेला जाहीरनामा वाचा. इंग्रज सरकारला यात कसलाही स्वतःचा फायदा किंवा मुलूखवाढ करायची नाही, म्हणून महाराजांचे धाकटे बंधू आणि क्रमाने पुढचे वारस शहाजी यांना गादी दिली जात आहे, असे त्यात म्हटले आहे. शहाजींशी झालेल्या करारात जुन्या तहाची कलमे कायम राहिली. 'क्रमाने पुढचे वारस' ही सरकारचीच भाषा. म्हणजे १८३९ सालीसुद्धा गादी वंशाची आहे, सरकारच्या मेहेरबानीची नाही, हे मान्य होते.

शहाजी ऊर्फ आप्पासाहेबांना आपल्याकडे कोणी फारसे बरे म्हणत नाही. भावाविरुद्ध गेलेला माणूस, एवढ्यावर त्यांचा निकाल लागतो. त्यांनी कृष्णा आणि वेण्णेवर बांधलेले पूल, दवाखाना, शाळा यांचा उल्लेख झालाच तर एका ओळीत. मीही तेवढाच करतो आहे, कारण गोष्ट पुढे न्यायची आहे.

प्रतापसिंह १४ ऑक्टोबर १८४७ रोजी काशीत वारले. शहाजी ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्यात गेले. दोघांनाही औरस मुलगा नव्हता, दोघांनीही दत्तक घेतला होता. शहाजींनी तर मरणाच्या दारात असताना घेतला. त्याच वर्षी जानेवारीत नवा गव्हर्नर जनरल डलहौसी कलकत्त्याला येऊन दाखल झाला होता.

इथून वाद सुरू झाला तो पहिल्या कलमातल्या 'वारस व उत्तराधिकारी' या शब्दांवर. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र हा पुत्रच, औरसाइतकाच. तह ज्याच्याशी केला त्याने त्या शब्दांचा हाच अर्थ घेतला असणार, आणि तह करणाऱ्या सरकारलाही ते माहीत होते. मुंबईच्या गव्हर्नरने हेच लिहिले. साताऱ्याचा रेसिडेंटही, म्हणजे पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला बार्टल फ्रियर, दत्तक मान्य करावा याच मताचा होता. विरोध आला कौन्सिलमधून. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दत्तकाला खासगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही. मांडलिक राज्याच्या दत्तकाला वरच्या सत्तेची परवानगी लागते. आणि सातारचे राज्य तर १८१९ मध्ये आम्हीच निर्माण केलेले, त्यावर दावा कसला?

परवानगीचा मुद्दा अगदी हवेतला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. जहागीरदाराचा दत्तक मंजूर करताना नजराणा घेण्याचा रिवाज मराठी राज्यातच होता. आपल्या जहागीरदारांच्या बाबतीत प्रतापसिंहांनी तोच हक्क सांगितला होता. खालसा करणाऱ्यांनी तो रिवाज उचलला आणि महाराजांच्याच घराण्यावर लावला. पण रिवाजात परवानगी बहुधा मिळायची, नजराणा घेऊन. परवानगी नाकारून मुलूख खिशात टाकायचा, हा भाग कंपनीचा स्वतःचा. शिवाय जहागीर धन्याच्या सनदेवर चालते, तर सातारचे राज्य दोन पक्षांच्या सह्यांच्या तहावर उभे होते.

डलहौसीचे टिपण ३० ऑगस्ट १८४८ चे आहे. कायद्याची बाजू त्यात आहेच, पण ओघात सोयीची बाजूही येते : हा मुलूख मुंबई इलाख्याच्या दोन मोठ्या लष्करी ठाण्यांच्या मध्ये पडतो. बेवारस राज्ये सोडू नयेत असे लंडनचे धोरण १८४१ पासून होतेच. २४ जानेवारी १८४९ रोजी संचालक मंडळाने शिक्कामोर्तब केले : मांडलिक राज्य दत्तकाकडे जायला सार्वभौम सत्तेची संमती लागते, ती देण्यास आम्ही बांधलेलो नाही, आणि न देण्यातच आमचे हित आहे. काही संचालकांनी लेखी विरोध नोंदवला. उपयोग झाला नाही.

माझ्या मते खटकणारी गोष्ट हीच. पाचवे कलम राजाला लावताना सरकारने त्यातला शब्द न् शब्द ताणून लावला. नऊ वर्षांनी पहिले कलम स्वतःवर आले तेव्हा 'वारस' आणि 'कायमचे' या शब्दांना इतक्या अटी चिकटल्या की त्यात काही उरले नाही.

महाराजांचे वकील रंगो बापूजी या सगळ्या काळात लंडनमध्ये होते. १८४० मध्ये गेलेले ते १८५३ मध्ये परतले. संचालकांच्या सभांत, पार्लमेंटच्या सभासदांकडे त्यांनी खेटे घातले, पत्रके छापली, कर्जबाजारी झाले. ज्या राजाची वकिली करायची तो गेला, मग ते राज्यही गेले, तरी माणूस हटला नाही. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा बेत फुटला. ते निसटले आणि पुन्हा कोणाला सापडले नाहीत. त्यांच्या मुलासह सतरा जणांना गेंडामाळावर त्या सप्टेंबरात मारण्यात आले, काहींना फाशी, काहींना गोळी, काहींना तोफेच्या तोंडी.

साताऱ्याला लावलेला न्याय पुढे झाशी आणि नागपूरला लागला. बंडानंतर सरकारचे डोळे उघडले आणि १८६२ च्या सुमारास संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटण्यात आल्या. आधी घेतलेली राज्ये मात्र परत झाली नाहीत. सातारच्या मानकऱ्यांचे नशीब वेगळे निघाले. धनी गेल्यावर भोर, औंध, फलटण, जत, अक्कलकोट ही घराणी थेट इंग्रजांची मांडलिक झाली. ज्यांच्यावर हुकमत कोणाची या प्रश्नातून सगळे पेटले, त्यांची संस्थाने सातारच्या राज्यानंतर ९९ वर्षे, १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत चालली.