वृद्धिघटक आणि प्रोस्टेट कर्करोगाचा लसीकाग्रंथींतील प्रसार

प्रोस्टेटचा कर्करोग ग्रंथीबाहेर पसरू लागला की ओटीपोटातील लसीकाग्रंथी (लसीका म्हणजे ऊतींतून गोळा होऊन स्वतःच्या वाहिन्यांतून वाहणारा द्रव; तो गाळणाऱ्या या गाठी) आणि हाडे ही त्याची नेहमीची ठिकाणे. लसीकेच्या वाटेने होणाऱ्या प्रसारात वृद्धिघटकांचा, म्हणजे पेशींना वाढण्याचा आणि विभागण्याचा संदेश देणाऱ्या प्रथिनांचा, हात असतो. त्यांपैकी सर्वाधिक अभ्यास झाला तो व्हीईजीएफ-सी या घटकाचा.

हेलसिंकीतील कारी अलितालो यांच्या गटाने १९९६ मध्ये हे प्रथिन वेगळे केले, तेही पीसी-३ पेशी ज्या द्रवात वाढवल्या होत्या त्या द्रवातून. पीसी-३ ही प्रोस्टेट कर्करोगाचीच पेशीमालिका, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी, हाडात पसरलेल्या गाठीपासून तयार केलेली. लसीकावाहिन्यांच्या अस्तरपेशींवर व्हीईजीएफआर-३ नावाचा ग्राही, म्हणजे संदेश स्वीकारणारे प्रथिन, असतो. व्हीईजीएफ-सी आणि त्याचा जवळचा नातलग व्हीईजीएफ-डी त्याला चिकटले की अस्तरपेशी विभागू लागतात, वाहिन्या रुंदावतात आणि त्यांना नवे फाटे फुटतात. ज्या रुग्णांच्या लसीकाग्रंथींत रोग पोचलेला असतो, त्यांच्या मूळ गाठीत व्हीईजीएफ-सी जास्त आढळल्याचे काही अभ्यास सांगतात.

यावरून ‘नव्या वाहिन्या म्हणजेच प्रसार’ असे समीकरण मांडणे मोहाचे आहे, पण ते टिकत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पीसी-३ पेशींतील व्हीईजीएफ-सी दाबून टाकले. उंदरांमधील गाठींच्या आत लसीकावाहिन्या जवळपास तयार झाल्या नाहीत. लसीकाग्रंथींतला प्रसार मात्र थांबला नाही. गाठीच्या आतल्या वाहिन्या बऱ्याचदा दाबाने चपट्या झालेल्या, निकामी असतात. पेशींना बाहेर पडायला गाठीच्या कडेच्या, आधीपासूनच असलेल्या वाहिन्या पुरतात. दुसरीकडे, व्हीईजीएफआर-३ची वाटच अडवली तर प्राण्यांमध्ये हा प्रसार कमी झाल्याचेही दिसले आहे. म्हणजे या घटकाचे काम नुसते वाहिन्या वाढवण्यापुरते नसावे.

पुरुष संप्रेरकांशी असलेला संबंध अधिक गुंतागुंतीचा आहे. प्रयोगशाळेत अँड्रोजन, म्हणजे ही पुरुष संप्रेरके, काढून घेतल्यावर प्रोस्टेट कर्करोगाच्याच एलएनकॅप पेशींतील व्हीईजीएफ-सी वाढल्याचे आढळले. या पेशी मुळात एका रुग्णाच्या लसीकाग्रंथीतूनच घेतलेल्या. अँड्रोजन रोखणे हा तर पसरलेल्या रोगावरचा मुख्य उपचार. मात्र पेशींवरचा हा निष्कर्ष रुग्णांना सरसकट लागू करता येत नाही.

आयजीएफ-१, ईजीएफ, एचजीएफ आणि टीजीएफ-बीटा हे इतर वृद्धिघटक पेशींची हालचाल आणि तग धरण्याची क्षमता बदलून प्रसाराला हातभार लावतात.

व्हीईजीएफ-सीची तपासणी नेहमीच्या उपचारात केली जात नाही. पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण), ग्लीसन श्रेणी (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रचनेवरून ठरवलेली गाठीची आक्रमकता) आणि स्कॅन यांवरून लसीकाग्रंथींतील प्रसाराचा अंदाज बांधतात. खात्री होते ती शस्त्रक्रियेत काढलेल्या ओटीपोटातील लसीकाग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर.