सिस्टरनी पाहिलेला पिवळा त्रिकोण

गेल्या आठवड्यात कर्वे रोडवरच्या एका हॉस्पिटलमध्ये भाचीचं बाळ बघायला गेले होते. तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली म्हणून त्याला निळ्या लाईटखाली ठेवलेलं, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. बाहेर बाकावर भाचीच्या सासूबाई म्हणाल्या, "संशोधन वगैरे डॉक्टरांचं काम हो, सिस्टर काय, सांगितलं तेवढं करतात." मला राहवलंच नाही, कारण तो निळा लाईट मुळात एका सिस्टरमुळेच आलाय.

१९५६चा उन्हाळा, इंग्लंडमधलं एसेक्स, रॉचफर्ड जनरल हॉस्पिटल. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर सांभाळायच्या. वॉर्डातल्या कोंदट हवेपेक्षा मोकळी हवा बाळांना बरी असं त्यांचं मत, त्यामुळे ऊन पडलं की बाळांना अंगणात न्यायच्या. एकदा राऊंडच्या वेळी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं, सगळं अंग फिकं आणि एकाच जागी गडद पिवळा त्रिकोण. डॉक्टरांना वाटलं सिस्टरनी आयोडीन लावलंय. तर त्या म्हणाल्या, तिथे चादरीचा कोपरा होता, बाकीच्या अंगाचा पिवळेपणा उतरलाय. पुढे उन्हात राहिलेल्या रक्ताच्या ट्यूबमध्येही बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, कमी भरलं, मग डॉ. रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी निळ्या ट्यूबलाईटचा पाळणा बनवला आणि १९५८मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. लेखकांत सिस्टर वॉर्डचं नाव नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता माझा आवडता भाग. तांबड्या पेशी फुटल्या की हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन बनतं, मोठ्या माणसाचं लिव्हर त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून पाण्यात विरघळेल असं करतं आणि ते पित्तातून बाहेर जातं. बाळाच्या लिव्हरमधलं हे जोडायचं काम करणारं एन्झाइम अजून पुरतं कामाला लागलेलं नसतं. पण मुळात बिलिरुबिन विरघळत का नाही? त्याच्याकडे पाण्याशी जुळणारे गट आहेत, फक्त ते एकमेकांनाच हायड्रोजन बंधांनी धरून बसतात, रेणू दुपट्यासारखा घडी होऊन मिटतो. ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश त्वचेतल्या या रेणूवर पडला की चौथ्या किंवा पंधराव्या कार्बनजवळचा दुहेरी बंध क्षणभर सैल होतो, रेणूचं ते टोक गर्रकन फिरतं, म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत झेड-झेड आकाराचं झेड-ई होतं, मग हायड्रोजन बंध टिकत नाहीत, घडी उलगडते आणि हा रेणू लिव्हरने काही जोडायच्या आधीच पित्तात जाऊ शकतो. काही रेणूंचं ल्युमिरुबिन नावाचं वेगळंच रूप होतं, ते परत उलटत नाही आणि लघवीतूनही जातं. यात अतिनील किरण लागत नाहीत, निळा रंगच लागतो.

आणि हो, कावीळ उतरावी म्हणून घालतात ती काविळीची माळ. ती रोज लांब होते कारण ओल्या काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि दोरा सुटतो, बाळाच्या रक्ताशी तिचा काहीच संबंध नाही. बिलिरुबिन फार वाढलं तर मेंदूला कायमची इजा होते, तेव्हा माळेची वाट बघत दिवस घालवू नका. घरी कोवळ्या उन्हात धरणं हाही उपचार नव्हे, किती प्रकाश मिळाला ते मोजता येत नाही.

मोजणं महत्त्वाचं, हे भाचीच्या बाळाच्या वॉर्डातल्या सिस्टरनी मला दाखवलं. त्या एम.एस्सी. नर्सिंग करतायत, प्रबंधासाठी लाईट बाळापासून किती लांब ठेवला तर प्रकाश किती उरतो ते छोट्या यंत्राने मोजून वहीत लिहितात. पाळण्याभोवती पांढरं कापड लावलेलं दिसलं, मला वाटलं आडोसा असेल, तर म्हणाल्या, "नाही हो मावशी, बाजूने वाया जाणारा प्रकाश परत बाळावर पडतो, यावर अभ्यास झालेत, आम्ही ते वाचून सुरू केलं." बोलता बोलता त्यांनी हात आत घातला, बाळाच्या मांडीवर सरकून आलेली दुपट्याची कड बाजूला केली आणि वेळ लिहून ठेवली.