गोल्फ कार्ट आणि एलएसव्ही: दिसायला जुळी, कायद्याला वेगळी

"कार्टच तर आहे, तिला लायसन्स कशाला?"

दर हिवाळ्यात हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतं आणि दर वेळी मला तेच समजावून सांगावं लागतं. म्हणून आता एकदाच सविस्तर लिहिते आहे.

फ्लोरिडाच्या मध्यभागी 'द व्हिलेजेस' नावाची निवृत्तांची प्रचंड वसाहत आहे. घरटी किमान एक माणूस ५५ च्या पुढचा असावा, या बेतानं वसवलेली. तिचा बराचसा भाग समटर काउंटीत येतो. २०२० च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या १,२९,७५२ भरली आणि त्याआधीच्या दहा वर्षांत अमेरिकेतला सर्वांत वेगानं वाढलेला महानगर-विभाग हाच होता. इथे दूध आणायला, दवाखान्यात, संध्याकाळी चौकातलं गाणं ऐकायला लोक कार्टनं जातात. कार्टसाठी शंभरहून जास्त मैलांचे वेगळे रस्ते आहेत, मोठ्या रस्त्यांखालून त्यांच्यासाठी बोगदे काढले आहेत. २००५ मध्ये ३,३२१ कार्टची मिरवणूक काढून इथल्या लोकांनी जागतिक विक्रमही केला. आपली मराठी कुटुंबंही आता या भागात येऊ लागली आहेत. जवळच टवारेसला भारतीयांसाठीची 'शांतिनिकेतन' ही वसाहत आहे, आणि हिवाळा आला की पुण्या-ठाण्याहून आई-वडील मुलांकडे येतात. कार्ट दिसली की त्यांना आपल्या स्टेशनवरची बॅटरी गाडी आठवते आणि ती चालवावीशी वाटते. त्यात काही गैर नाही. फक्त समोर उभी असलेली गाडी खरोखर गोल्फ कार्ट आहे का, हे आधी बघायला हवं.

गोल्फ कार्टबद्दल फार सांगायची गरज नाही. दोन किंवा चार जणांची उघडी गाडी, वर छप्पर, मागे गोल्फच्या पिशव्या ठेवायची जागा. फ्लोरिडात तिला राज्याची नोंदणी लागत नाही, नंबर प्लेट लागत नाही, विम्याची सक्ती नाही. स्थानिक प्रशासनानं मोकळ्या केलेल्या रस्त्यांवरच ती चालते.

एलएसव्ही म्हणजे लो-स्पीड व्हेईकल. बऱ्याचदा ती अगदी कार्टसारखीच दिसते, काही कंपन्या तर एकाच सांगाड्यावर दोन्ही बनवतात. पण अमेरिकेच्या केंद्र सरकारनं १९९८ मध्ये हा वाहनांचा वेगळा वर्ग ठरवला. चार चाकं, आणि सपाट रस्त्यावर जास्तीत जास्त वेग ताशी २० मैलांहून जास्त पण २५ मैलांहून कमी किंवा तेवढाच. आपल्या हिशेबात साधारण ३२ ते ४० किलोमीटर. या वर्गाला हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, आरसे, पुढची काच, पार्किंग ब्रेक आणि प्रत्येक सीटला पट्टा लागतो. शिवाय कारसारखा ओळख क्रमांक, नोंदणी, नंबर प्लेट आणि विमा.

आता खरा घोटाळा. लोकांना वाटतं, वस्तू बसवल्या की वर्ग बदलतो. दिवे लावले, पट्टे लावले, आरसा लावला, म्हणजे कार्ट 'स्ट्रीट लीगल' झाली. आणि हे काही लावलेलं नसेल तर ती आपली साधी कार्ट. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

फ्लोरिडाच्या कायद्यात गोल्फ कार्टची व्याख्या आहे: गोल्फच्या मैदानावर वापरण्यासाठी बनवलेली आणि ताशी २० मैलांपेक्षा जास्त वेग *घेऊच न शकणारी* गाडी. हे 'घेऊच न शकणारी' दोनदा वाचा. तुम्ही किती वेगानं चालवता याचा इथे संबंध नाही, यंत्राच्या अंगात किती वेग आहे याचा आहे. दुकानातून १९ मैलांची कार्ट घेतली आणि नंतर कुणीतरी कंट्रोलरचं (मोटरचा वेग ठरवणाऱ्या भागाचं) सेटिंग बदलून किंवा पेट्रोलच्या कार्टचा गव्हर्नर (वेगाला लगाम घालणारा भाग) ढिला करून ती २३ मैलांवर नेली, तर त्या क्षणापासून ती गोल्फ कार्ट उरत नाही. तुम्ही रोज १५ मैलांनीच चालवत असाल, तरीसुद्धा नाही. तिला एलएसव्हीची नोंदणी हवी, विमा हवा, पट्टे हवेत, लायसन्स हवं. यातलं काहीच नसेल तर ती गोल्फ कार्टही नाही आणि एलएसव्हीही नाही, रस्त्यावर आणायला बेकायदा अशी एक गाडी आहे. उलट, १८ मैलांच्या कार्टला तुम्ही महागडे दिवे लावा, पट्टे लावा, हॉर्न लावा, ती गोल्फ कार्टच राहते. जास्त सुरक्षित गोल्फ कार्ट, पण गोल्फ कार्टच.

आपल्याकडे हेच स्वरूप इलेक्ट्रिक स्कूटरच्या बाबतीत आहे आणि मराठी वाचकाला ते तिथून लवकर कळेल. पाव किलोवॅटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेल्या स्कूटरला भारतात नोंदणी आणि लायसन्स लागत नाही, कारण कायद्यानं ती मोटार वाहनच नाही. पण दुकानदारानं एक वायर काढून "आता पळेल बघा पंचेचाळीसनं" असं सांगून दिली, की तीच स्कूटर बिननोंदणीचं मोटार वाहन होते. गाडीचा रंग तोच, सीट तीच, बिलही तेच. व्हिलेजेसमध्ये होतं ते नेमकं हेच, फक्त चार चाकांवर.

आमच्या ओळखीच्या एका काकांनी सेकंडहँड कार्ट घेतली. विकणाऱ्यानं अभिमानानं सांगितलं होतं, "ही इतरांपेक्षा जरा जोरात पळते." काकांना ते कौतुकच वाटलं. मी फोनवर जीपीएस लावून शेजारी बसले तर आकडा २४ ला टेकला. नंबर प्लेट नाही, पट्टे नाहीत, विमा नाही, आणि काका अमेरिकेतलं लायसन्स कधीच सोडून बसलेले. असं व्हायला वाईट माणूस असावं लागत नाही. नुसतं "जरा जोरात" हे दोन शब्द सहज घेतले की पुरतं.

हा फरक भारतातून आलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त भोवतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून फ्लोरिडात रस्त्यावर गोल्फ कार्ट चालवायला १८ वर्षांवरच्या माणसाकडे सरकारी फोटो-ओळखपत्र असलं की पुरतं. म्हणजे पासपोर्ट खिशात ठेवून तुमचे बाबा गोल्फ कार्ट चालवू शकतात. एलएसव्हीला मात्र वैध ड्रायव्हिंग लायसन्सच हवं. गाड्या दिसायला सारख्या, पण लायसन्स नसेल तर एकीत बाबा कायद्यात आणि दुसरीत कायद्याबाहेर. विम्याचंही तसंच: एलएसव्हीला स्वतःच्या इजेसाठी १०,००० डॉलर आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी १०,००० डॉलर इतका किमान विमा फ्लोरिडात सक्तीचा आहे. गोल्फ कार्टला सक्ती नसली तरी माझं स्पष्ट मत आहे की तिचाही विमा घ्यावाच.

ऑक्टोबर २०२३ च्या त्याच कायद्यानं १८ च्या आतल्या मुलांना लर्नर परमिट किंवा लायसन्सशिवाय रस्त्यावर कार्ट चालवायला मनाई केली. त्याआधी चौदा वर्षांचा मुलगाही चालवू शकत होता. तरीही उन्हाळ्यात नातवंडं आली की आजोबा सात वर्षांच्या नातवाला मांडीवर बसवून त्याच्या हातात स्टिअरिंग देताना दिसतात. मला हे बघवत नाही. लाड करायला घरात जागा आहे, अंगण आहे.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. बॅटरीची की पेट्रोलची, याचा वर्गाशी संबंध नाही. चाकं मोठी की छोटी, सीट मागे तोंड करून आहे की पुढे, दारं आहेत की पडदे, हेही सोडून द्या. दारू पिऊन चालवली तर गुन्हा दोन्हीत सारखाच. एलएसव्ही कुठे जाऊ शकते, तर ताशी ३५ मैल किंवा त्याहून कमी मर्यादेच्या रस्त्यांवर. त्याहून वेगवान रस्ता ती चौकात ओलांडू शकते, त्याच्यावरून चालू शकत नाही.

आता राउंडअबाउट, म्हणजे चौकातलं सर्कल. हा सगळा कायदा तिथे येऊन हाडामांसाचा होतो. मॉर्स आणि ब्युएना व्हिस्टा या मोठ्या बुलेवारांवर दोन-दोन पट्ट्यांचे, म्हणजे लेनचे, गोल आहेत. अमेरिकेत बेट डाव्या हाताला ठेवून, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरायचं, आणि गोलात शिरताना डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ही दिशा आपल्या लोकांना दोन दिवसांत अंगवळणी पडते, तिची काळजी नको. पट्टी मात्र शिरण्याआधीच, फलकावरचे बाण बघून ठरवायची. बहुतेक ठिकाणी उजव्या पट्टीतून उजवीकडे किंवा सरळ, डावीतून सरळ, डावीकडे किंवा मागे. आत गेल्यावर पट्टी बदलायची नाही. बाहेरची वाट चुकली तर पुन्हा एक फेरी मारा, कुणी काही म्हणत नाही.

पण कार्टच्या संदर्भात मला काळजी आहे ती वळणाची. आपल्या रिक्षेची उजवी बाजू दांड्यानं बंद असते आणि डावी उघडी. सर्कलला वळसा घालताना आपण डावीकडे, उघड्या बाजूला फेकले जातो आणि नकळत दांडा घट्ट धरतो. अमेरिकेतली कार्ट म्हणजे याचं आरशातलं रूप. चालवणारा डावीकडे, शेजारी बसणारा उजवीकडे, आणि उजवी बाजू उघडी. गोलात गाडी सतत डावीकडे वळत असते, त्यामुळे शेजारच्याचं अंग उजवीकडे, बाहेर ढकललं जातं, म्हणजे नेमकं बाहेरच्या पट्टीतल्या गाड्यांकडे. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, त्याला आधार मिळतो. शेजारी बसलेल्या आईच्या हातात बहुतेक वेळा पर्स असते.

हा ढकलणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. एकाच गोलात १५ मैलांऐवजी २० मैलांनी गेलात तर वेग एक तृतीयांशच वाढला, पण जोर जवळजवळ पावणेदोन पट झाला. कायद्यानं २० मैलांची रेघ मारली आणि तिच्या पलीकडे पट्टे सक्तीचे केले, ते का, हे इथे कळतं. जास्त वेग हवा तर माणूस बांधलेला हवा. काकांच्या कार्टसारखी गाडी या दोन्हीतला वाईट भाग तेवढा घेते: वेग एलएसव्हीचा आणि सीट गोल्फ कार्टची. गोलात शिरताना आधी किंचित डावीकडे, मग उजवीकडे, मग बाहेर पडताना पुन्हा डावीकडे असं अंग हेलकावतं आणि सत्तरीतल्या माणसाला तितक्या चटकन सावरता येत नाही.

तुम्ही कारमध्ये असाल तेव्हा समोरच्या गाडीची मागची बाजू बघा. नंबर प्लेट असेल तर ती एलएसव्ही, गोलाबाहेर पडल्यावर तुमच्याच पट्टीत २५ मैलांनी पुढे राहणार. प्लेट नसेल तर ती गोल्फ कार्ट असायला हवी, आणि तिची स्वतंत्र पट्टी गोलाच्या आधी संपली असेल तर ती तुमच्यासमोर येऊन मिसळेल. दोन्ही वेळा नियम एकच: गोलात ओव्हरटेक नाही, शेजारून घासून जाणं नाही. डावीकडून येणारी कार्ट लहान दिसते म्हणून लांब वाटते, ती असते जवळ. तुम्ही "निघतो पटकन" म्हणून पुढे घुसलात तर तिला करकचून ब्रेक लावावा लागतो, आणि पट्टा नसलेल्या माणसांना अचानक ब्रेक धोक्याचाच. गोलातून बाहेर पडताच कार्टची वाट तुमचा रस्ता ओलांडत असेल तर तिथे पाय ब्रेकवर तयार ठेवा.

आणि कृपा करून गोलाच्या आत थांबून कुणालाही हातानं "या, या" करू नका. भलेपणानं करतात लोक, मला माहीत आहे. पण तुमच्या मागच्याला तुम्ही थांबणार हे माहीत नसतं, आणि तुमच्या इशाऱ्यावर शिरलेल्या कार्टला दुसऱ्या पट्टीतली गाडी दिसत नसते. वाट द्यायची ती गोलाच्या बाहेर, शिरण्यापूर्वी.

घरी कार्ट असेल तर तपासणी अशी करा. बॅटरी पूर्ण चार्ज करा, किंवा टाकी भरा. सपाट, रिकामा, सरळ कार्टरस्ता सकाळी लवकर निवडा. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं फोनवर जीपीएसचा वेग वाचायचा. उतारावर मोजू नका, आकडा फसवा येतो. दोन्ही दिशांनी एकेकदा पूर्ण पेडल दाबून बघा. २० च्या आत थांबली तर ती गोल्फ कार्ट. २१, २२, २४ दिसले तर त्या दिवसापासून ती रस्त्यावर काढू नका. मेकॅनिककडे नेऊन वेग पुन्हा २० च्या आत बसवून घ्या, किंवा पट्टे, दिवे, काच सगळं बसवून राज्याकडून तपासणी करवून एलएसव्ही म्हणून नोंदवा आणि प्लेट लावा. काकांनी पहिला मार्ग घेतला. कंट्रोलर १९ वर बसवला, शेजारच्या सीटला पट्टा मात्र तरीही लावून घेतला, आणि काकू आता गोल आला की पर्स पायाशी ठेवतात.